नीनाजी, तुम्ही काम मागितलंत म्हणून

नीना गुप्ताजी, सप्रेम नमस्कार.

हे पत्र तुमच्यापर्यंत पोहोचेल की नाही माहीत नाही, पण लिहिल्याशिवाय राहवत नाही.

२०१७ मध्ये तुम्ही इन्स्टाग्रामवर एवढीशी पोस्ट टाकली होतीत. ‘मी मुंबईत राहते, काम करते, चांगली अभिनेत्री आहे, चांगल्या भूमिका शोधतेय.’ बस, इतकंच. १९९८ ची ‘सांस’ ही मालिका लिहिणाऱ्या, दिग्दर्शित करणाऱ्या आणि त्यातली प्रिया उभी करणाऱ्या तुम्ही. घरात राष्ट्रीय पुरस्कार. त्यातलं एक अक्षरही तिथे नव्हतं. कुणाबद्दल तक्रार नाही, मला विसरलात असा सूर नाही. आपण चांगलं काम करतो, हे मात्र स्वच्छ सांगितलंत. आम्हा बायकांना तेच जमत नाही. आपलं आपण काय सांगायचं, म्हणून गप्प बसतो आणि लोकांचं फावतं.

सासूबाईंच्या आजारपणात मी शाळेतली नोकरी सोडली. त्या गेल्यावर पुन्हा काम शोधायला निघाले, तर जिथे उमेदीची वर्षं घातली त्या शाळेत कुणी ‘बसा’ही म्हटलं नाही. एका क्लासवाल्यांनी तोंडावर सांगितलं, “मॅडम, मुलांना तरुण शिक्षक आवडतात.” मला एक गणितसुद्धा घालून बघितलं नाही.

त्या रात्री तुमची पोस्ट आठवली. सोसायटीच्या ग्रुपवर लिहिलं, ‘मी बी विंगमध्ये राहते. गणित चांगलं शिकवते. आठवी ते दहावीच्या शिकवण्या घ्यायच्या आहेत.’ ‘चांगलं’ खोडलं, परत लिहिलं, पुन्हा खोडलं. शेवटी ठेवलंच. लगेच जाऊबाईंचा फोन, “अगं, काढून टाक ते, लोक काय म्हणतील?” नाही काढलं. सकाळी खालच्या मजल्यावरच्या वहिनी लेकाला वहीसकट घेऊन दारात हजर! आता जेवणाच्या टेबलावर जागा पुरत नाही, काही मुलं सतरंजीवर बसतात.

तुमचं पुढचं सगळ्यांनाच ठाऊक आहे. २०१८ चा ‘बधाई हो’ चित्रपट, मग ‘पंचायत’ ही वेबमालिका, आणि ‘ऊंचाई’ चित्रपटासाठी २०२४ मध्ये जाहीर झालेला राष्ट्रीय पुरस्कार. मला सगळ्यात भिडली ती ‘पंचायत’मधली, फुलेरा गावची मंजूदेवी. कागदावर प्रधान, कारभार नवऱ्याचा. आणि तीच बाई झेंडावंदनासाठी राष्ट्रगीत पाठ करायला बसते, तेव्हा माझ्या डोळ्यांत पाणी आलं.

मोठी माणसं पडता काळ झाकून ठेवतात. तुम्ही चारचौघांत काम मागितलंत. ज्यांना कुणी विचारत नाही अशा किती जणींना त्यानं बळ दिलं असेल, याची तुम्हाला कल्पनाही नसेल.

तुमच्या लेकीनं, मसाबानं, तेव्हा आईची ती पोस्ट अभिमानानं सगळ्यांना दाखवली होती. माझ्या मुलानंही माझा मेसेज त्याच्या मित्रांना पाठवला, त्यातूनच शेजारच्या सोसायटीतली मुलं आली. तेव्हा तुमच्याबरोबर तिलाही माझे आभार सांगा.

तुमची,
बी विंगमधली गणिताची बाई