मेरी बेनेटच्या वाचकांचे आभार

‘प्राइड अँड प्रेज्युडिस’मधील मेरी बेनेट आणि एक कारकून यांच्या प्रेमावर मी लिहिलेल्या कथेचे ज्यांनी इतक्या आपुलकीने स्वागत केले, त्या सर्व वाचकांची मी मनःपूर्वक आभारी आहे. १८१३ साली प्रसिद्ध झालेल्या या कादंबरीत मेरीच्या वाट्याला जाडजूड पुस्तके, पियानो आणि बरीचशी थट्टा येते; मात्र पुढे तिचे लग्न मावशीचे यजमान असलेल्या फिलिप्स वकिलांच्या एका कारकुनाशी झाले, असे कादंबरीच्या लेखिका जेन ऑस्टिन घरच्यांना सांगत, ही आठवण त्यांच्या भाच्याने लिहिलेल्या चरित्रात आहे आणि माझी कथा तेवढ्याच धाग्यावर उभी आहे.

त्या काळी पत्राचे टपालशुल्क बहुधा पत्र घेणाराच भरत असे आणि अविवाहित स्त्री-पुरुषांमधील पत्रव्यवहार म्हणजे वाङ्निश्चयाची खूण मानली जाई, हे ज्या वाचकाने सविस्तर कळवले, त्यांच्यामुळे चोरट्या चिठ्ठीच्या प्रसंगाला खरी धार आली. लग्न ठरते म्हणून मेरीला अचानक सुंदर करू नका, असे बजावणाऱ्या वाचकांचे ऋण तर मोठेच, कारण तिचा चश्मिष्ट, थोडा कंटाळवाणा विद्वत्तेचा आव हाच त्या कारकुनाला भावतो. (तिची जोडी कादंबरीतल्याच मिस्टर कॉलिन्स या बढाईखोर पाद्र्याशी जुळवावी, असा आग्रह धरणाऱ्यांचेही आभार, ती विनंती मात्र मान्य होणे नाही.) अनेकांनी मागितलेला विवाहानंतरचा भाग मी लिहावयास घेतला आहे.