अमेरिकी नेत्यांची श्रद्धा शपथेत नको, तरतुदींत तपासा

मा. संपादक,
स. न. वि. वि.

अमेरिकेच्या राजकारणावर मराठी वृत्तपत्रांत जे लिहिले जाते, त्यात ‘अमेरिका हे ख्रिस्ती राष्ट्र’ हे बहुतेक वेळा गृहीतच धरलेले असते. राष्ट्राध्यक्ष बायबलवर हात ठेवतात, भाषणाच्या शेवटी देवाचा आशीर्वाद मागतात, डॉलरवर देवाचे नाव असते, एवढा पुरावा पुरेसा समजला जातो. मग वॉशिंग्टनच्या एखाद्या निर्णयाचा जाब शरणपूरच्या किंवा नाशिकरोडच्या ख्रिस्ती माणसाला विचारला जातो, जणू तो निर्णय शुभवर्तमानातूनच आला आहे. म्हणून हे सविस्तर पत्र.

नोटा छापणाऱ्या आपल्या शहराला नोटेवरच्या मजकुराचे महत्त्व वेगळे सांगायला नको. ‘देवावर आमचा भरवसा’ ही ओळ अमेरिकेत पहिल्यांदा आली ती १८६४ मध्ये, यादवी युद्ध चालू असताना, दोन सेंटच्या नाण्यावर. राष्ट्राचे अधिकृत बोधवाक्य ती १९५६ मध्ये झाली आणि कागदी नोटेवर १९५७ पासून छापली जाऊ लागली. शाळकरी मुले झेंड्यापुढे म्हणतात त्या प्रतिज्ञेत देवाचे नाव १९५४ मध्ये घातले गेले. म्हणजे ज्याला आपण पायाभूत परंपरा समजतो त्यातले बरेच काही सोव्हिएत संघाशी चढाओढ चालू असतानाचे आहे. १७८७ च्या राज्यघटनेचे सहावे कलम सांगते की कोणत्याही सरकारी पदासाठी धर्माची अट घालता येणार नाही. १७९१ ची पहिली घटनादुरुस्ती राज्याला धर्म स्थापण्यास मनाई करते. नोटेवरची ओळ, शपथा आणि प्रतिज्ञा यांना सरकारी तिजोरीतून जवळजवळ काहीच द्यावे लागत नाही, आणि श्रद्धा दाखवण्यासाठी पुढाऱ्यांना त्याच सोयीच्या वाटतात.

खुद्द पवित्र शास्त्रात मोजमाप दिलेले आहे. मत्तयच्या शुभवर्तमानाच्या पंचविसाव्या अध्यायात न्यायाच्या दिवशी सहा गोष्टींचा हिशेब घेतला जातो: भुकेल्याला अन्न, तहानेल्याला पाणी, परक्याला आसरा, उघड्याला वस्त्र, आजाऱ्याची सेवा, तुरुंगातल्याची भेट. आजच्या राज्यकारभारात यातल्या बहुतेक गोष्टींना खाते आहे आणि अर्थसंकल्पात तरतूद आहे. तेव्हा एखादे राज्य किंवा नेता स्वतःला ख्रिस्ती म्हणवत असेल, तर ती तरतूद उघडून पाहता येते.

टेक्सासचे उदाहरण घ्या. जून २०२५ मध्ये तिथल्या गव्हर्नरांनी एका कायद्यावर सही केली: प्रत्येक सरकारी शाळेच्या प्रत्येक वर्गात दहा आज्ञांचा फलक लावायचा. फलक कमीत कमी १६ इंच रुंद आणि २० इंच उंच हवा, आणि साधारण दृष्टीच्या माणसाला वर्गाच्या कोणत्याही कोपऱ्यातून वाचता आला पाहिजे. कुणी नियमात बसणारा फलक दान दिला, तर शाळेने तो घेतलाच पाहिजे. स्वतःचे पैसे खर्चून विकत आणण्याची सक्ती मात्र शाळेवर नाही. (आज्ञांची मोजणी कॅथलिक आणि बॅप्टिस्ट वेगवेगळी करतात, ज्यू लोकांची आणखी वेगळी. फलकावर एकच पाठ आहे, तो बहुतांशी प्रोटेस्टंट वळणाचा. सरकारने धर्म शिकवायला घेतला की एका पंथाचा धर्म दुसऱ्यावर लादला जातो, तो असा.) काही शाळा-जिल्ह्यांपुरती या कायद्याला ऑगस्टमध्ये केंद्रीय न्यायालयाने स्थगिती दिली.

त्याच जून महिन्यात, त्याच गव्हर्नरांनी अर्थसंकल्पातली ६ कोटी डॉलरची एक तरतूद नकाराधिकार वापरून काढून टाकली. ती उन्हाळी सुट्टीतल्या मुलांच्या अन्नासाठी होती. शाळा चालू असताना गरीब मुलांना दुपारचे जेवण फुकट किंवा सवलतीत मिळते, सुट्टी लागली की ते बंद होते. त्यासाठी २०२४ पासून देशभर एक योजना आहे: पात्र मुलामागे महिना ४० डॉलर, तीन महिन्यांचे १२०, एका कार्डावर जमा होतात आणि त्यातून फक्त खाद्यपदार्थ घेता येतात. हे पैसे पूर्णपणे केंद्र देते. राज्याने द्यायचा तो फक्त योजना राबवण्याच्या खर्चाचा निम्मा वाटा. केंद्राच्या खर्चवाटणीबद्दल अनिश्चितता आहे, असे कारण गव्हर्नरांनी दिले. कारण खरे धरले तरी क्रम लपत नाही. आज्ञांच्या फलकाला कायदा मिळाला आणि त्या फलकाखाली बसणाऱ्या मुलाच्या उन्हाळ्यातल्या अन्नाला नकार. टेक्सास एकटे नाही. मिसिसिपी या अत्यंत धार्मिक समजल्या जाणाऱ्या राज्याच्या गव्हर्नरांनीही २०२४ च्या आरंभी हीच योजना नाकारली, आणि कारण दिले ते सरकारी मदतीचा पसारा वाढू नये हे.

आजाऱ्यांचेही तसेच. २०१० च्या आरोग्य कायद्याने दारिद्र्यरेषेच्या १३८ टक्क्यांपर्यंत उत्पन्न असलेल्या प्रौढांना मेडिकेड या सरकारी विम्यात घ्यायचे ठरवले. २०१२ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने ते राज्यांच्या मर्जीवर सोडले. खर्चाचे ९० टक्के केंद्र देते. तरीही दहा राज्यांनी हा विस्तार स्वीकारलेला नाही, आणि त्यातली बहुतेक दक्षिणेकडच्या, चर्चला जाणाऱ्यांचे प्रमाण जास्त असलेल्या पट्ट्यातली आहेत. विमा नसलेल्यांचे प्रमाण देशात सर्वाधिक आहे ते टेक्सासमध्ये. उलट ओहायोचे रिपब्लिकन गव्हर्नर जॉन केसिक यांनी २०१३ मध्ये स्वतःच्या पक्षाचा विरोध पत्करून विस्तार केला. स्वर्गाच्या दारात सेंट पीटर सरकार किती लहान ठेवलेस हे विचारणार नाही, गरिबांसाठी काय केलेस ते विचारील, असा त्यांचा युक्तिवाद होता. पक्ष तोच, धर्म तोच, निर्णय वेगळा. म्हणून दोष थेट पक्षाच्या किंवा धर्माच्या माथी मारून चालत नाही. तुरुंगांचे एका वाक्यात सांगतो: टेक्सासच्या सुमारे दोन तृतीयांश सरकारी तुरुंगांत पूर्ण वातानुकूलन नाही, आणि मार्च २०२५ मध्ये केंद्रीय न्यायाधीशांनी ती उष्णता घटनाबाह्य ठरवली.

परक्याला आसरा देण्याचे आकडे सगळ्यांत स्पष्ट आहेत, कारण दर आर्थिक वर्षी निर्वासितांची कमाल संख्या राष्ट्राध्यक्ष स्वतः ठरवतात. २०१६ साठी ती ८५,००० होती. २०२१ साठी आधी १५,००० ठरली आणि नंतर ६२,५०० करण्यात आली. २०२५ साठी ती १,२५,००० होती, पण जानेवारीत सत्ताबदल होताच कार्यक्रमच थांबवला गेला. २०२६ साठी ती ७,५०० ठरवण्यात आली. या निर्वासितांना विमानतळावरून घरी नेणे, भाड्याने जागा पाहणे, मुलांना शाळेत घालणे, हे काम अनेक दशके सरकारच्या वतीने ज्या संस्था करत आल्या त्यातल्या बहुसंख्य धार्मिक आहेत: कॅथलिक, ल्युथरन, एपिस्कोपल, इव्हँजेलिकल (बायबलचा शब्द प्रमाण मानून धर्मप्रसारावर भर देणारे प्रोटेस्टंट), ज्यू. एप्रिल २०२५ मध्ये कॅथलिक बिशपांनी सरकारशी असलेला हा करार संपवला, कारण निधीच थांबला होता. मे महिन्यात एपिस्कोपल चर्चने तो सोडला, कारण इतरांना दारे बंद असताना दक्षिण आफ्रिकेतल्या गोऱ्यांची तेवढी सोय करा असे सांगण्यात आले होते. चर्च, शाळा आणि इस्पितळांत स्थलांतरितांना पकडायचे नाही, हा दंडकही जानेवारीतच मागे घेतला गेला. उपराष्ट्राध्यक्षांनी प्रेमाचाही क्रम असतो, आधी आपले मग परके, असे समर्थन केले तेव्हा पोप फ्रान्सिस यांनी १० फेब्रुवारीच्या पत्रात अमेरिकी बिशपांना चांगल्या शोमरोन्याच्या दाखल्याची आठवण दिली. इतक्या थेट उत्तरानंतरही धोरण हलले नाही.

असे का होते? मला वाटते की ढोंग हे उत्तर अपुरे आहे. यामागे एक यंत्रणा आहे आणि तिचे भाग समजून घेण्यासारखे आहेत. १९५४ च्या करकायद्यानुसार करमाफी घेणारे चर्च उमेदवाराचा प्रचार करू शकत नाही, पण मुद्द्यांवर बोलू शकते. या फटीतून १९९० च्या दशकात टीव्हीवरचे धर्मोपदेशक पॅट रॉबर्टसन यांच्या ख्रिश्चन कोअ‍ॅलिशन या संघटनेने मतदार-पत्रके काढली. निवडणुकीच्या आदल्या रविवारी उपासनेनंतर हातात पडणारा एक छोटा कागद. वर दोन उमेदवारांचे चेहरे, मधोमध मुद्द्यांची यादी, दोन्ही बाजूंना ‘समर्थन’ किंवा ‘विरोध’. अमक्याला मत द्या असे कुठेही लिहिलेले नसते, लिहायची गरजही नसते. यादीत कोणते मुद्दे घ्यायचे हे ठरवले की निकाल ठरला. गर्भपात यादीत असे, शाळेतली प्रार्थना असे, करवाढही असे. करवाढीला विरोध हा ख्रिस्ती मुद्दा कसा झाला, हे त्या कागदाशिवाय समजत नाही. भुकेले मूल आणि परका माणूस यादीत आलेच नाहीत, म्हणून त्यांच्यावरून कुणाचे मत बदलले नाही.

दुसरा भाग पक्षांतर्गत निवडणुकीचा. बरेच मतदारसंघ एका पक्षाचे हुकमी असतात, तिथे खरी लढत उमेदवारी ठरतानाच होते. मध्यावधी वर्षात, म्हणजे अध्यक्षांच्या कारकिर्दीच्या मध्यावर संसदेची निवडणूक होते त्या वर्षी, या फेरीला साधारण पाचातला एक पात्र मतदार जातो. अशा वेळी दर रविवारी एकत्र जमणारा संघटित गट मोठा ठरतो, आणि त्याला दुखवायची उमेदवाराची हिंमत होत नाही. जुलै २०२५ मध्ये तर कर खात्याने टेक्सासमधल्या न्यायालयात लिहून दिले की उपासनेत आपल्या मंडळीपुढे उमेदवाराविषयी बोलणे या बंदीत धरू नये. कागदाचीही गरज संपावी अशी ही वाट आहे.

या यंत्रणेने श्रद्धावंतांचे काय होते, याचे दोन पुरावे आहेत. जून १९९८ मध्ये, क्लिंटन अध्यक्ष असताना, सदर्न बॅप्टिस्ट या अमेरिकेतल्या सर्वांत मोठ्या प्रोटेस्टंट पंथाच्या अधिवेशनाने ठराव केला की नेत्यांचे गंभीर गैरवर्तन खपवून घेतल्याने समाजाची सदसद्विवेकबुद्धी बधिर होते. पुढे खासगी आयुष्यात अनैतिक वागणारा नेता सार्वजनिक काम सचोटीने करू शकेल का, असे एका संशोधन संस्थेने विचारले. २०११ मध्ये गोऱ्या इव्हँजेलिकलांपैकी ३० टक्के ‘हो’ म्हणाले, २०१६ मध्ये ७२ टक्के. पाच वर्षांत शास्त्रातले एक अक्षर बदलले नाही, उमेदवार बदलला. गर्भपाताचेही पाहा. याच सदर्न बॅप्टिस्टांनी १९७१ मध्ये बलात्कार किंवा आईच्या आरोग्याला धोका अशा कारणांसाठी गर्भपाताला कायद्याने मुभा असावी, असा ठराव केला होता. आज त्याला विरोध करणारे लाखो लोक मनापासून करतात, याबद्दल मला शंका नाही. पण तो एकमेव कस कधी आणि कुणी ठरवला, हे विचारायलाच हवे.

हे सगळे नवे नाही. सदर्न बॅप्टिस्ट हा पंथ १८४५ मध्ये वेगळा झाला तोच गुलाम बाळगणाऱ्याला मिशनरी नेमावे की नाही या वादातून, आणि त्याची माफी त्याने १९९५ मध्ये मागितली. १८५० च्या दशकात आपल्या शरणपूरला वसाहत उभी राहिली आणि गुलामगिरीतून सोडवलेली आफ्रिकन मुले तिथे शिकली. त्यातलाच जेकब वेनराइट पुढे आफ्रिकेत फिरलेले मिशनरी-संशोधक लिव्हिंगस्टन यांच्या शवासोबत लंडनपर्यंत गेला. तेच पुस्तक, तोच काळ. नाशिकला बंद दाराचा अर्थही ठाऊक आहे. काळारामाच्या दाराशी १९३० मध्ये सुरू झालेला सत्याग्रह पाच वर्षे चालला. अमेरिकेत १९६० पासून काळे विद्यार्थी गोऱ्यांच्या चर्चच्या दारात जाऊन उभे राहू लागले. मिसिसिपीच्या जॅक्सन शहरात पायऱ्यांवरून अटका झाल्या. १९६४ च्या ईस्टरला तिथल्या एका मेथडिस्ट चर्चने एक गोरा आणि एक काळा अशा दोन बिशपांनाच परत पाठवले. त्यातले गोरे बिशप जेम्स मॅथ्यूज हे भारतात मिशनरी म्हणून काम केलेले गृहस्थ होते.

दुसरी बाजू दडवणे अन्यायाचे होईल. २००३ मध्ये जॉर्ज बुश यांनी एड्सविरोधी योजनेसाठी पाच वर्षांत १५ अब्ज डॉलर मागितले, त्यामागे इव्हँजेलिकल मंडळींचा मोठा रेटा होता. त्या योजनेने वाचवलेल्या जीवांची संख्या अडीच कोटी मानली जाते. काळ्यांची चर्चे, जिथून नागरी हक्कांची चळवळ उभी राहिली, तितकीच ख्रिस्ती आहेत आणि त्यांचे मत बहुतांशी डेमोक्रॅटिक पक्षाला जाते. जानेवारी २०२५ मध्ये तिथल्या एपिस्कोपल बिशप मॅरिअन बडी यांनी नव्या अध्यक्षांसमोर वॉशिंग्टनच्या कॅथीड्रलमध्ये स्थलांतरितांसाठी दया मागितली. त्याबद्दल अध्यक्षांनी त्यांच्याकडून माफीची मागणी केली, तरी त्या बधल्या नाहीत.

३ नोव्हेंबर २०२६ ला अमेरिकेत मध्यावधी निवडणूक आहे. तिच्या बातम्या देताना आपल्या दैनिकाने तीन गोष्टी पाळाव्यात ही विनंती. ‘ख्रिस्ती मतदार’ असे सरसकट न लिहिता गोरे इव्हँजेलिकल, काळे प्रोटेस्टंट, कॅथलिक असे वेगळे लिहावे. उमेदवाराचा प्रार्थना करतानाचा फोटो छापला, तर त्याच्या राज्याने मेडिकेडचा विस्तार आणि मुलांची उन्हाळी अन्नयोजना घेतली की नाकारली, हे फोटोखाली द्यावे. आणि निर्वासितांची त्या वर्षाची कमाल संख्या मागच्या वर्षाच्या आकड्याशेजारी छापावी.

आपला,
एक वाचक, शरणपूर रोड, नाशिक