सहा टाके

मिरजेच्या रेडिओवाल्या काकांना,
सप्रेम नमस्कार.

तुमच्याकडे साधा फोन आहे, म्हणून हे पत्र तुमच्या नातवाला पाठवते आहे. मोठ्यानं वाचून दाखवीन असं त्यानं कबूल केलंय. दुकानात गिऱ्हाईक असलं तरी वाचू दे, काका. चार लोकांच्या कानावर जावं म्हणूनच हे असं उघड लिहितेय.

आज रविवारी संध्याकाळी आपला फझ, म्हणजे गिटारचा आवाज जाड आणि खरखरीत करणारा आपला पेडल, पहिल्यांदा माणसांसमोर वाजला. तीस-चाळीस जण असतील. तिसरी तार ओढून धरली, आवाज भरत गेला, लांबत गेला आणि शेवटी दाणेदार होत विरला. घरी आले तेव्हा हात थरथरत होते. गिटार अजून पिशवीतच आहे, आधी हे लिहायला घेतलं.

माझं मागणं तसं लहानच होतं. १९६६ साली लंडनमध्ये आर्बिटर कंपनीनं फझ फेस नावाचा गोल पेडल काढला. जिमी हेंड्रिक्सच्या पायाखाली असायचा तो. आत मोजून ११ भाग: दोन ट्रान्झिस्टर, चार रेझिस्टर, तीन कपॅसिटर, दोन पॉट. तयार घ्यायचा तर माझ्या दोन महिन्यांच्या शिकवण्यांचे पैसे गेले असते. आणि खरं सांगायचं तर मला तो विकत घ्यायचाच नव्हता. मला तो माझ्या हातानं करायचा होता. हे वाक्य मी तुमच्याआधी ज्यांना ज्यांना सांगितलं, त्यांनी ते ऐकून न ऐकल्यासारखं केलं.

एका व्यापाऱ्यानं जुन्या मालातले म्हणून सहा एसी १२८, म्हणजे ह्या फझला लागणारे जर्मेनियमचे ट्रान्झिस्टर, कुरिअरनं पाठवले. आवाज येईना म्हणून फोन केला, तर म्हणाला, "मॅडम, वर नंबर छापलाय ना? मग झालं." एका मेकॅनिकनं माझं अर्धं झालेलं सर्किट पंधरा दिवस ठेवून घेतलं. बॅटरीचा प्लस जमिनीला जातोय, म्हणजे सर्किटचा नकाशाच चुकलाय, असं ठरवून मला न विचारता त्यानं बॅटरी उलटी जोडली. तरी बोलेना, तेव्हा "घरात कोणी पुरुष माणूस असेल तर त्याला पाठवा, त्याला समजावतो" म्हणाला. त्या दिवशी मी सर्किट पिशवीत टाकलं आणि स्टेशन रोडनं चालत घरी आले. रडू आलं होतं, पण रडले नाही. राग जास्त होता. तो अजून गेलेला नाही, आणि जावा असं मला वाटतही नाही.

तुम्ही नकाशा हातात घेतलात, चष्मा वर केलात आणि म्हणालात, "पीएनपी जातीचा ट्रान्झिस्टर हाय. जुनं रेडिओ असंच असायचं, प्लस अर्थला." एवढंच. मग ते सहा ट्रान्झिस्टर एकेक करून मीटरला लावलेत. ०.६५ व्होल्ट. परत ०.६५. सहाही तसेच. "पोरी, ह्यो सिलिकॉन हाय. जर्मेनियम ०.२ च्या आसपास दाखवतं. वरचं नाव खोटं हाय, तुझं काम खोटं न्हाई." तीन महिने मी स्वतःला मूर्ख समजत होते, काका. तुमच्या त्या वाक्यानंतर मी पहिल्यांदा खुर्चीला पाठ टेकली.

मग तुम्ही बिस्किटांचा पत्र्याचा डबा काढलात. भंगारात गेलेल्या रेडिओंमधून चाळीस वर्षं काढून ठेवलेले ट्रान्झिस्टर, बरेचसे अजून जोडीजोडीनं तारेनं बांधलेले. बंगळूरच्या भारत इलेक्ट्रॉनिक्सनं १९६२ पासून आपल्याकडे जर्मेनियमचे ट्रान्झिस्टर बनवले, हे तुमच्याकडूनच मला कळलं. एक उचलून तुम्ही माझ्या चिमटीत दिलात आणि म्हणालात, मीटर बघ. मी नुसता धरला होता, आणि आकडा चढायला लागला. माझ्या बोटांच्या उबेनं आतल्या विजेची गळती वाढत होती. खाली ठेवला, पाच मिनिटं थांबलो, आकडा उतरला. तशी पाच-पाच मिनिटं आपण किती वेळा थांबलो असू! दुपार गेली. तुम्ही प्रत्येकाच्या पोटाला कागदाची बारीक पट्टी चिकटवून पेन्सिलीनं गेन, म्हणजे तो सिग्नल किती पट वाढवतो ते, लिहीत गेलात. पहिल्या जागेला सत्तरच्या आसपासचा, दुसऱ्याला एकशेदहाच्या पुढचा.

आणि आता ज्याच्यासाठी हे पत्र लिहितेय ते.

जर्मेनियमला उष्णता सोसत नाही. सोल्डर मारताना एक क्षण जास्त झाला की तो गेला, आणि डब्यात ही एकच जोडी जुळलेली. मी सोल्डरिंग आयर्न उचललं, माझा हात हलत होता, आणि मी ते तुमच्यापुढे केलं. तुम्हीच करा म्हणाले. आजवर प्रत्येकानं ते माझ्या हातातून ओढूनच घेतलं होतं, मी न देता. तुम्ही ते घेतलं नाहीत. खणातून चिमटा काढलात, ट्रान्झिस्टरच्या पायाला वरच्या बाजूनं घट्ट धरलात, म्हणजे उष्णता आत न जाता चिमट्यात उतरेल. आणि म्हणालात, "टाका तूच मार. मी धरतो."

दोन ट्रान्झिस्टर, तीन-तीन पाय, सहा टाके. एरवी चहाची बशी धरताना तुमचा हात कापतो, मी पाहिलंय. त्या सहा टाक्यांत तो तसूभर हलला नाही. चौथ्या टाक्याला सोल्डरचा थेंब सुटला आणि तुमच्या अंगठ्यावर पडला. मी किंचाळले. तुम्ही चिमटा सोडला नाहीत. "चालू दे, गार पडंल." सहावा टाका झाल्यावरच तुम्ही अंगठा तोंडात घातलात, लहान मुलासारखा. तो पांढरा फोड मला अजून दिसतो.

टाके मारल्यावर पहिला आवाज घोगरा आणि तुटका आला. माझं तोंड पडलं. तुम्ही स्क्रूड्रायव्हर प्रिसेटवर, म्हणजे आतल्या फिरवायच्या छोट्या रेझिस्टरवर, ठेवलात आणि दुसऱ्या ट्रान्झिस्टरच्या कलेक्टरवर ४.५ व्होल्ट येईपर्यंत केसाकेसानं फिरवत राहिलात. मग मला म्हणालात, आता मीटर बघू नको, ऐक. "ही जवारी हाय. सतारमेकर घोडी घासतो, तंबोऱ्याच्या तारंखाली सूत सरकवतो, तसंच." मी मिरजेत जन्मले. शिकलगारांनी शस्त्रांना धार लावता लावता तंतुवाद्यं हातात घेतली, ही गोष्ट ऐकतच वाढले. इथल्या सतार-तंबोऱ्याला २०२४ साली भौगोलिक मानांकन मिळालं तेव्हा आमच्या गल्लीत पेढे वाटले होते. पण माझी इलेक्ट्रिक गिटार या गावाची आहे असं मला कधी वाटलं नव्हतं. त्या क्षणी सूत जागेवर बसावं तसा आवाज उघडला, आणि मला तसं वाटलं.

जाणती माणसं पुष्कळ असतात, काका. पण येणारी गोष्ट समोरच्याच्या हातून होऊ देणारी फार थोडी. येत असलेल्या माणसाला दुसऱ्याचं चुकत-माकत चाललेलं बघत बसणं किती जड जातं, हे मी शिकवण्या घेते म्हणून मला ठाऊक आहे. गेल्या सोमवारी एक आठ वर्षांची मुलगी एफचा कॉर्ड धरताना अडली. मी सवयीनं तिची बोटं उचलून जागेवर ठेवायला हात पुढे केला आणि मागे घेतला. फक्त गिटारची मान धरून ठेवली. तिला वेळ लागला. लागू दिला.

सर्किट आता अल्युमिनियमच्या जेवणाच्या डब्यात बसलंय, भोकं स्टीलवाल्यानं पाडून दिली. तुम्ही घेतलेले चाळीस रुपये वायरचे होते, हे मी विसरलेले नाही. आतल्या पट्ट्या तशाच ठेवल्यात, तुमच्या पेन्सिलीच्या अक्षरासकट.

उन्हाळ्यात ह्याचा आवाज बसेल, तेव्हा घेऊन ये, असं तुम्ही म्हणाला होतात. यंदा फाल्गुनातच तापायला लागलंय. परवा दुपारी गच्चीवर वाजवून पाहिला, थोडा गुदमरल्यासारखा वाटला. पुढच्या गुरुवारी दुपारी येते. स्क्रूड्रायव्हर मी आणते, प्रिसेट मी फिरवते. तुम्ही फक्त ऐका आणि कुठं थांबायचं ते सांगा.

तुमची,
गिटारवाली पोरगी