काकांचे नकाशे कपाटात नकोत

प्रिय अव्या,

स. न. वि. वि.

काकांच्या बोटींचे नकाशे एखाद्या संग्रहालयाला देऊन टाकावेत, असं तू फोनवर म्हणालास. काचेच्या पेटीत राहतील, लोक बघतील. तुझा हेतू चांगलाच आहे, पण मला ते पटेना. म्हणून हे लांबण.

विल्यम अ‍ॅटकिन हे नाव तू ऐकलं नसशील. शिडाच्या बोटी आखणारा अमेरिकन माणूस, १९६२ साली गेला. १९२०च्या दशकात त्याने 'एरिक' नावाची ३२ फुटी बोट आखली. तीही पुरती त्याची नव्हे. नॉर्वेतल्या लार्विकच्या कॉलिन आर्चरने मच्छीमारांच्या बचावासाठी दोन्ही टोकांना निमुळत्या, वजनदार, वादळाला दाद न देणाऱ्या बोटी आखल्या होत्या. अ‍ॅटकिनने त्याच लहान करून घेतल्या. तोवर आर्चर वारला होता.

आता पुढची गंमत बघ. १९६०च्या दशकात रॉबिन नॉक्स-जॉन्स्टन हा व्यापारी जहाजावरचा इंग्रज अधिकारी आणि त्याचे सोबती मुंबईत बोट बांधायच्या खटपटीत होते. त्यांनी मागवला एक नकाशा, टपालाने आला भलताच, या एरिकचा! ठीक आहे, हाच बांधू, असं त्यांनी ठरवलं. आपल्या सुतारांनी हातच्या हत्यारांनी अस्सल सागवानात ती उभी केली. नाव ठेवलं 'सुहैली'. तिच्यातून इंग्लंडमधल्या फालमथहून निघून ३१२ दिवसांनी, २२ एप्रिल १९६९ला, नॉक्स-जॉन्स्टन तिथेच परतला. एकट्याने, कुठेही न थांबता केलेली जगातली ती पहिली पृथ्वीप्रदक्षिणा. ती 'गोल्डन ग्लोब' नावाची शर्यत होती; उतरले होते नऊ जण, पोहोचला हा एकटाच. आणि ज्याच्या रेघांवर हे घडलं तो अ‍ॅटकिन सात वर्षांपूर्वीच गेलेला.

आता तुझ्या संग्रहालयाकडे येतो. सुहैली पुढे ग्रीनिचच्या सागरी संग्रहालयात ठेवली गेली. तिथल्या कोरड्या, नियंत्रित हवेत सागाच्या फळ्या आटायला लागल्या. दक्षिण महासागरातूनही जी तरून आली, ती बंद दालनात फटी धरू लागली! शेवटी नॉक्स-जॉन्स्टनने तिला बाहेर काढलं, डागडुजी केली आणि पुन्हा पाण्यात सोडली.

आणि नकाशा? तो तर २०१७ साली थेट गोव्यात अवतरला. मांडवीतल्या दिवाडी बेटावर रत्नाकर दांडेकरांच्या यार्डात, जिथे आपल्या नौदलाची शिडाची बोट 'म्हादेई' बांधली गेली, तिथे नौदलातले दर्यावर्दी अभिलाष टॉमी यांच्यासाठी सुहैलीची जुळी बहीण 'थुरिया' तयार झाली. २०१८च्या गोल्डन ग्लोब शर्यतीत दक्षिण हिंदी महासागरातल्या वादळाने तिच्या डोलकाठ्या मोडल्या आणि टॉमींच्या पाठीला जबर दुखापत झाली. फ्रेंच गस्ती जहाजाने त्यांना वाचवलं. तरी मी म्हणेन, अ‍ॅटकिनला अशी बोट पुतळ्यापेक्षा जास्त आवडली असती.

काकांची ती निळसर ट्रेसिंगची शीट आठव. कोपऱ्यात त्यांच्या बारीक अक्षरात ऑफसेटचं टेबल आहे: कुठल्या छेदाला मध्यरेषेपासून किती रुंदी, किती उंची. ते आकडे घेऊन बोटीच्या खऱ्या मापाने जमिनीवर रेघा ओढायच्या, लवचीक पट्टी टेकवून वळण नीट येतंय का बघायचं. पट्टी कुठे अडली, तर आकडा चुकला समजायचं. काकांनी तीन-चार ठिकाणी पेन्सिलीने आकडे बदललेत, म्हणजे त्यांनी ते जमिनीवर करून पाहिलंय. ते बदल काचेआड कुणाच्या लक्षात येणार? आपल्या किनाऱ्यावरच्या पारंपरिक होड्यांचा तर सहसा नकाशाच नसतो. सगळं मिस्त्रीच्या नजरेत असतं, आणि तो गेला की त्याच्याबरोबरच जातं. काकांनी कागदावर तरी उतरवलंय, याची किंमत ठेव.

तर असं कर. शीट गुंडाळून ठेवू नकोस, घड्या पडतात, सपाट ठेव. चांगल्या ठिकाणी स्कॅन करून घे. पेन्सिलीचे बदल फिकट आहेत, ते वगळले जाणार नाहीत ना, हे स्वतः बघ. मग हवं तर मूळ कागद संग्रहालयाला दे, पण प्रत मागेल त्याला मिळेल अशी अट घालून. आणि ती सर्वांत छोटी, १२ फुटी होडी आपण बांधायला घेऊ. मालवणला एक मिस्त्री माझ्या माहितीतले आहेत, दिवाळीनंतर त्यांना वेळ आहे. लाकडाचा खर्च निम्मा-निम्मा. वहिनींना आधी विचार, मग हो म्हण.

तुझा,
मुकुंद