पक्ष्यांचं घर आपल्याला दिसावं म्हणून टांगू नका

संपादक साहेब, नमस्कार,

दरवर्षी 20 मार्चला चिमणी दिन आला की लाकडी घरट्यांचं वाटप होतं, पेपरात फोटोही येतात, ते सगळं चांगलंच आहे पण घर हातात दिल्यावर ते लावायचं कुठं हे कुणी सांगतच नाही, मग लोक गेटजवळ नाहीतर हॉलच्या खिडकीसमोर, म्हणजे आपल्याला बसल्या जागी दिसेल असं टांगतात. वर्षभर रिकामं राहिलं की म्हणायचं आता पक्षीच राहिले नाहीत! अहो पक्षी आहेत, जागा पसंत नाही त्यांना.

सगळ्यात आधी ऊन बघा. दुपारी तीनच्या सुमाराला त्या भिंतीला हात लावा, चटका बसला तर ती जागा बाद. पिल्लं पहिले काही दिवस उघडीबोडकी असतात आणि उडता येईपर्यंत साधारण दोन आठवडे आतच अडकलेली, लाकडी डबा बाहेरच्या हवेपेक्षा जास्त तापतो, पत्र्याचा तर भट्टीच होतो. म्हणून पश्चिमेची भिंत शक्यतो नकोच. पूर्वेकडे किंवा उत्तरेकडे तोंड असेल आणि दुपारची सावली मिळत असेल तर उत्तम. पाऊस पण लक्षात घ्या, ज्या बाजूनं झड येते तिकडं भोक करू नका, आणि घर अगदी जरासं पुढं झुकवून लावा म्हणजे पाणी आत न जाता खाली गळतं.

दुसरं म्हणजे मांजर. दोन ते चार मीटर उंची चालते पण नुसती उंची मोजून काय उपयोग, शेजारून कंपाउंडची भिंत किंवा जाड फांदी जात असेल तर मांजर तिथून आरामात झेप घेतं. घरासमोर मात्र मोकळं पाहिजे, पक्ष्याला सरळ उडत येता आलं पाहिजे. आणि ती भोकाखालची शोभेची दांडी काढून टाका प्लीज, भोकातून ये-जा करायला पक्ष्याला ती लागत नाही, उलट अंडी पळवणाऱ्याला बसायला आयती सोय होते. दाणे ठेवायचं भांडंही लांब ठेवा, तिथं कावळे, खारी सगळी गर्दी जमते, अशा बाजारात कोण अंडी घालणार.

आणि कोणासाठी लावतोय ते आधी ठरवा ना. बुलबुल, शिंजीर, शिंपी असल्या घरात येतच नाहीत, ते आपलं घरटं स्वतः झाडाझुडपात करतात. येणार ते ढोलीत राहणारे, चिमणी, दयाळ, साळुंकी वगैरे. चिमणीला वळचण आवडते, माणसांची ये-जा चालते, दोन-तीन घरं जवळजवळ लावली तरी तिची तक्रार नसते, भोक 32 मिलिमीटरचं पुरे. दयाळाचं उलटं, त्याचा नर हद्दीवरून फार भांडकुदळ, लहान बागेत एकच जोडी राहणार, तिच्यासाठी खोडावरचा शांत कोपरा बघा आणि भोक मोठं ठेवा. झाडाला खिळे ठोकू नका, सायकलच्या जुन्या ट्यूबमध्ये तार घालून बांधा, खोड जाड होत जाईल तशी ती सैल करत राहा. वाऱ्यानं हलणारं लोंबतं घर बहुतेक पक्षी टाळतात त्यामुळे घट्ट बांधा.

एकदा काड्या-गवत आत जायला लागलं की मग जागा बदलायची नाही, आत मोबाईल घालून फोटोही काढायचे नाहीत.

माझी विनंती एवढीच की वाटपाचे फोटो छापता तेव्हा त्याखाली घर कुठं आणि कसं लावायचं याच्या चार ओळी पण छापा, आणि मार्चमध्ये नको, थंडी संपायच्या आत छापा, कारण मार्च उजाडेपर्यंत बऱ्याच जोड्यांनी आपापली जागा धरलेली असते.

आपला,
एक नियमित वाचक