फोनवर 'बरं चाललंय' म्हणते त्याचा तपशील

आई, बाबा,

फोनवर तुम्ही विचारता काय चाललंय, मी म्हणते बरं चाललंय, मग झोप होते का, हो होते, आणि ठेवून देतो. त्या 'बरं'मध्ये काय काय असतं ते फोनवर सांगायचं राहूनच जातं म्हणून लिहायला बसलेय.

बाबा नेहमी विचारतात कार्यक्रम कसा झाला. आता कार्यक्रम असतो दीड-दोन तासांचा आणि त्याच्या मागेपुढे अख्खा दिवस जातो, सामान उतरवा, जोडा, साउंडचेक करा, नुसतं बसून राहा, वाजवा, आवरा, परत सामान चढवा. पैसे कधी त्याच रात्री, कधी चार वेळा फोन केल्यावर, ते असो. पण खरं सांगू का, मला हल्ली बेस गिटार वाजवण्याइतकाच तो आजूबाजूचा वेळही आवडायला लागलाय.

साउंडचेकचंच बघा. रिकामा हॉल असतो, आवाज नुसता घुमत असतो, आणि साउंडवाला जीव तोडून सगळं सेट करतो आणि त्याला पक्कं माहीत असतं की माणसं भरली की हे सगळं बदलणारे, कारण माणसं आणि त्यांचे कपडे आवाज पितात, वरचे सूर तर जास्तच. तरी करतोच बिचारा. माझ्या बेसच्या सगळ्यात जाड तारेचा सूर साधारण ४१ हर्ट्झचा आहे (सेकंदाला ४१ कंपनं), म्हणजे त्याची एक लाट सव्वाआठ मीटरच्या आसपास लांब होते. एवढ्या मोठ्या लाटा भिंतींवर आपटून परत येतात आणि कुठे एकमेकींना वाढवतात, कुठे मारून टाकतात, त्यामुळे कोपऱ्यात उभं राहिलं तर बेस धो धो आणि चार पावलं पुढे आलं की गायब! मी लांब केबल लावून वाजवत वाजवत हॉलभर फिरते. बघणाऱ्याला वाटत असेल हिला काही काम नाही. पण कुठे बसलेल्या माणसाला मी ऐकू येणार आणि कुठे नाही हे आधीच कळतं, मला त्याची फार मजा वाटते.

आई, तू एकदा म्हणालीस की तुझं वाजवणं वेगळं ऐकूच येत नाही गं. बरोबर आहे तुझं, बेस थांबला की मग लोकांना कळतं काहीतरी गेलं. जेम्स जेमर्सन म्हणून एक बेसवाला होता, १९६०च्या दशकात मोटाउन ह्या अमेरिकन रेकॉर्ड कंपनीच्या कितीतरी हिट गाण्यांत त्याचा बेस आहे आणि त्या काळच्या रेकॉर्डवर बहुतेक वेळा त्याचं नावही नसायचं. तो म्हणे तार तुटेपर्यंत बदलायचा नाही. माझं तसं नाही, मला नव्या तारांचा खणखणीत आवाज लागतो, पण बेसच्या तारा महाग असतात त्यामुळे जुन्या झाल्या की मी त्या पाण्यात उकळते. खरंच. तारेवरच्या गुंडाळीत बसलेला घाम आणि मळ निघून जातो आणि कोरड्या करून लावल्या की थोडे दिवस परत नव्यासारख्या वाजतात. तुझं ते जुनं पातेलं मी नेलं होतं ना, ते ह्याच कामाला आहे, म्हणून परत दिलं नाही, आणि आता तू ते घेणारही नाहीस.

मग रात्री सगळं संपल्यावर केबल गुंडाळणं. एक वेढा सरळ, एक उलटा, असं केलं की पीळ बसत नाही आणि पुढच्या वेळी फेकली की सरळ उलगडते. हे काम मी कुणाला देत नाही. डोकं चालवायचं नसतं, हात आपोआप फिरतात आणि बाजूला ड्रमर कुणाचं काय चुकलं ते हसत हसत सांगत असतो.

घरी येऊन लगेच झोप लागत नाही, कान जागेच असतात. तेव्हा अ‍ॅम्प (आवाज मोठा करणारा डबा) न लावता अंधारात थोडं वाजवते. माझ्या फ्रिजची घरघर १०० हर्ट्झच्या जवळपास आहे (वीज ५० हर्ट्झची, तिच्या दुप्पट) आणि बेसची सगळ्यात बारीक तार मोकळी वाजवली तर ९८. दोन्ही एकत्र ऐकले की सेकंदाला दोनदा आवाज हलके हलके मोठा होतो, लहान होतो. तार हळूच ताणत गेलं की ते हेलकावे मंद होत होत थांबतात आणि मी आणि फ्रिज एका सुरात! ह्याला कुणी तिकीट काढून येणार नाही पण मला एखाद्या कार्यक्रमाइतकंच बरं वाटतं.

आणि लोक ऑफिसात असतात त्या वेळची बस. खिडकी हवी ती मिळते.

आता बाबा, मुद्द्याचं. मी वाजवताना इअरप्लग घालते त्यावर तुम्ही हसता. कामाच्या जागेसाठी एक मानलेली मर्यादा आहे, ८५ डेसिबल असेल तर दिवसाला ८ तास, आणि दर ३ डेसिबलला वेळ निम्मा, म्हणजे १०० डेसिबलला फक्त १५ मिनिटं, आणि ड्रमजवळ तेवढं सहज होतं. माझे कान ही माझी कमाई आहे. पण तुमचे पण कान आहेत ना? हल्ली तुम्ही म्हणता लोक पुटपुटतात, टीव्हीवाले स्पष्ट बोलत नाहीत. वय झालं की वरचे सूर आधी जातात, आणि स, श, फ हे सगळे तिकडचे आणि मुळात हळू, त्यामुळे आवाज येतो पण शब्द कळत नाही. टीव्ही मोठा करून आवाज वाढतो, शब्द तसाच राहतो आणि आईचं डोकं उठतं. कानाची तपासणी करून घ्या, दुखत नाही, हेडफोन लावून टुंग ऐकू आलं की बटण दाबायचं. कानाचं मशीन लागलंच तरी आता ती प्रत्येकाच्या कानाप्रमाणे हवे तेवढेच सूर वाढवून देतात.

आई, अपॉइंटमेंट तूच घे, बाबांवर सोडलंस तर पुढच्या वर्षावर जाईल. रिपोर्टमध्ये आलेख असतो, आडवे हर्ट्झ, उभे डेसिबल, त्याचा फोटो पाठव, मला वाचता येतो. सोमवार-मंगळवारची मिळाली तर मी मोकळी असते, मग मीच येते बरोबर.

तुमची लेक