कच्छच्या किनाऱ्यावर भेटलेल्या माणसांचे मनापासून आभार

सांगलीहून तंबू, स्टोव्ह, मुलंबाळं असा संसार गाडीत भरून आम्ही मांडवी ते लखपत हा कच्छचा किनारा फिरून आलो. एकीकडे अरबी समुद्र, दुसरीकडे वेड्या बाभळीचं कोरडं रान. पिंगलेश्वरच्या अलीकडे संध्याकाळी गाडी वाळूत रुतली. भरती चढत होती, मुलं घाबरली होती.

तेव्हा उंट घेऊन परतणारे मालधारी, म्हणजे तिकडचे पशुपालक, दादा थांबले. न विचारता त्यांनी आधी चाकांतली हवा कमी केली. तसं केलं की टायर पसरतो, भार वाटला जातो आणि चाक वाळू खणत बसत नाही. मग चाकांपुढची वाळू हातांनी उपसून पोती अंथरली. तोवर गावातून कुणीतरी ट्रॅक्टर आणला. पैसे कुणीच घेतले नाहीत. उलट जिथे गोडं पाणी इतकं मोलाचं, तिथे एका मावशींनी आमचा कॅन काठोकाठ भरून दिला. आमच्या दुष्काळी आटपाडी-जतकडच्या माणसाला याची किंमत वेगळी सांगायला नको!

आणि भुजमधले ते गलाईवाले, म्हणजे सोनं-चांदी गाळणारे, काका! आमचं बोलणं ऐकून "कुठलं गाव?" म्हणाले. स्वतः विट्याकडचे. गाडी दुरुस्त होईपर्यंत सगळ्यांना घरी नेलं, भाकरी-पिठलं वाढलं.

तुमची नावं विचारायची राहिली, पण माणसं विसरणार नाही. सांगलीकडे कधीही या, घर तुमचंच आहे.